चौदा दिवसांची गोळी

दाजी,

दर दिवाळीला आणि दर आखाजीच्या सणाला मी तुमच्या पाया पडत आलो. तुम्ही पाय मागे घेत म्हणायचे, "ऱ्हाऊ दे रे डागतर, कंबर मोडी जाई तुन्ही." इतकी वर्षं वाकलो, पण त्या पायांना काय होतंय हे पाहायला एकदाही वाकलो नाही. तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. डोळे मिटले की तुमचा चेहरा आठवायला हवा. मला पाय आठवतात. धोतराखालून दिसणारे, जमीन चाचपत टाकलेले दोन पाय.

लोक म्हणतात, मगनदादाच्या शालकाने फार मनाला लावून घेतलं. जेवत नाही, दुकान उघडत नाही. त्यांना वाटतं हे दुःख आहे. दुःखही आहे. पण त्याच्यावर एक मोठी भीती बसली आहे आणि ती उठल्याशिवाय दुःखाला जागा मिळणार नाही. म्हणून हे तुम्हालाच लिहितो. तुमच्याशी मी बारा दिवसांत एक शब्द बोललेलो नाही. त्याआधीचे कित्येक महिने जे बोलत होतो, ते बोलणं नव्हतं.

ताईचं लग्न झालं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. ती खांडबाऱ्याहून तापीकाठच्या प्रकाशा गावी गेली आणि सुट्टी लागली की मी तुमच्याकडे. पुढे मी डी.फार्म. झालो. खांडबाऱ्याला आधीच मेडिकलची दुकानं होती. मी हात हलवत घरी बसलेलो असताना तुम्ही येऊन म्हणालात, "प्रकाशाले ये. रस्तावरली खोली रिकामी शे." रिकामी कुठली! तिच्यात ठिबकच्या नळ्या आणि खताची पोती छतापर्यंत होती. ती तुम्ही स्वतः बाहेर काढलीत, भिंतींना चुना दिलात, आणि पहिल्या दिवशी बाहेरच्या बाकावर पेपर घेऊन बसलात. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचे. "ओ, इकडे या. मन्हा शालक डागतर व्हई गया." मी आतून ओरडायचो, "दाजी, मी डॉक्टर नाही, औषधं विकतो फक्त." तुम्ही म्हणायचे, "मंग? डागतर बी तेच करस."

गावाने मला डागतर केलं ते तुमच्या त्या बाकामुळे. मला ते आवडू लागलं, हेही लिहून टाकतो.

झिंकची आपली पहिली गाठ तुमच्या केळीत पडली, आठवतं? कोवळी पानं अरुंद निघाली होती, त्यांच्यावर पांढरट पट्टे. तुम्ही मला बांधावर उभं केलंत आणि माझी परीक्षा घेतलीत. मी म्हणालो, रोग आहे. तुम्ही हसलात. "रोग नही रे, भूक शे. जस्त कमी पडेल शे." तुम्ही झिंक सल्फेट फवारलंत. थोड्या दिवसांनी नवं पान स्वच्छ हिरवं निघालं. तेव्हा तुम्ही एक वाक्य बोललात, ते मी केळीच्या पानावरच्या पाण्यासारखं झटकून टाकलं. "एक जास्ती दिधं का दुसरं रुसी जास. फॉस्फरस भरमसाट टाका, जस्त लागनार नही. मातीना पोटमा बी भांडण लागस."

मी शिकलेला माणूस. म्हणालो, "केळ आणि माणूस एक नसतं, दाजी."

"काब्रं? दोन्ही पाणी पीतस आन वय व्हयनं का वाकतस."

हा वाद आपण पुढे किती वर्षं घातला! तुमचं म्हणणं, मातीत टाकलं तर दाण्यात येईल आणि दाण्यातून पोटात. माझं म्हणणं, त्याला वेळ लागतो, गोळी सरळ असते. जिंकायचं कोणालाच नव्हतं. पण दाजी, तुम्हाला त्या एका वाक्यात जे कळलं होतं ते माझ्या पदविकेला कळलं नव्हतं.

मग करोना आला. तुम्ही त्यातून वाचलात, पण तोंडाची चव आणि नाकाचा वास गेला. घरात पिकायला ठेवलेला केळीचा घड तुम्ही नाकाशी धरायचे आणि माझ्याकडे असं बघायचे की जणू कोणी तुमचं शेतच उचलून नेलं. "केळं पिकनं का कच्चं, नाकले लाईसन बी समजत नही रे."

मी तुम्हाला वीस मिलिग्रॅमची गोळी दिली. तेव्हा नीट समजावून सांगितलं होतं, याची साक्ष मी स्वतःलाच पुन्हा पुन्हा देतो. म्हणालो, जस्त शरीराला थोडंसंच लागतं, पण लागतं रोज. जखम भरायला, चव टिकायला, आजाराशी झुंजायला. पोरांना जुलाब लागले की आशाताई मीठ-साखरेच्या पाकिटासोबत चौदा दिवस देतात, तीच ही गोळी. तुम्ही म्हणालात, "म्हंजे मी पोरगा व्हयनू का?" आपण हसलो. चौदा दिवसांनंतर बंद करा, असं मी म्हणालो होतो का? मला वाटतं म्हणालो होतो. तुमच्या जाण्यानंतर मी हे रोज आठवून पाहतो आणि रोज माझा आवाज जरा जास्त पुसट ऐकू येतो.

चव परत आली. गोळीने आली की आपोआप येणार होती, देव जाणे. त्या हिवाळ्यात तुम्हाला दरवर्षीचा खोकला झाला नाही. नडगीवर विळा लागला होता, ती जखम लवकर भरली. सगळं श्रेय तुम्ही गोळीला दिलंत आणि गोळीचं श्रेय मला. बाकावर बसून सांगत राहिलात. धुडकूबाबा काठी टेकत आले, "मगनदादानी सांगेल गोळी दे." आणखी कोण कोण आले. मी दिली. कोणाला खरंच गरज आहे, कोणी किती दिवस घ्यायची, कोणाची आणखी कोणती औषधं चालू आहेत, हे विचारणं माझं काम होतं. विचारलं नाही. लोक आशेने येतात तेव्हा प्रश्न विचारायला जीभ जड होते. आणि कौतुक होत असलं की आणखी जड.

आता जे सांगायचंय ते एका दमात सांगतो.

ती पाण्यात विरघळणारी गोळी तुम्हाला आवडत नव्हती, चव लागायची म्हणून. मी दुसरी मागवली, गिळायची. तिच्यावर पन्नास लिहिलं होतं. मी समजलो, हे झिंक सल्फेटचं वजन. त्यातलं जस्त म्हणजे जेमतेम अठरा-वीस. म्हणजे आधीइतकंच. मी बारीक अक्षरं वाचली नाहीत. पन्नास हे क्षाराचं वजन नव्हतं, नुसत्या जस्ताचं होतं. थंडी पडली तेव्हा तुम्ही विचारलंत, "दोन लेऊ का? सकाय एक, संध्याकाय एक?" मी म्हणालो, "घ्या. जादा झालं तर लघवीवाटे निघून जाईल." असं काही होत नसतं. मोठ्या माणसाने रोज सगळं मिळून चाळीसच्या वर जाऊ नये, डॉक्टरने सांगितल्याशिवाय. तुम्ही तीन वर्षं शंभर घेत होता.

आणि तुम्ही काय घेताय हे तुम्हालाही वाचता येणार नव्हतं. आमच्या धंद्यात कात्री असते. आपल्याकडे पूर्ण पट्टी कोणी नेत नाही. चार द्या, सहा द्या. नाव, मात्रा आणि तारीख ज्या बाजूला छापलेली असते ती बाजू दुकानात ठेवायची, म्हणजे उरलेलं पुढे देता येतं. गिऱ्हाइकाच्या हातात जातो तो कोरा चंदेरी तुकडा. सगळे असंच करतात. मी तुम्हालाही तसाच द्यायचो. तुम्ही तो खिशात टाकायचे. विश्वास असला की वाचायची गरज पडत नाही.

मग पाय. पहिल्यांदा तुमची चप्पल रस्त्यात राहिली आणि तुम्ही एका पायाने अनवाणी दुकानापर्यंत आलात. मी हसलो. तुम्हीही हसलात, पण उशिरा. "पायखाले कापूस हातरेल शे असं वाटस," तुम्ही म्हणालात. पुढे बांधावरून चालताना मान खाली. मी म्हणालो, बी-ट्वेल्व्ह कमी असेल, शाकाहारी माणूस. मीच इंजेक्शनं आणून दिली, डॉक्टरांकडून टोचून घेतली. रक्त कमी निघालं. लोहाच्या गोळ्या दिल्या. रक्त वाढेना, पाय सुधारेनात. तुम्ही एकदा म्हणालात, "मन्हा पाय मन्हाच शेतस का दुसराना, समजत नही." मी विषय बदलला.

तुमच्या मुलाने, माझ्या भाच्याने, सुरतेला मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. आपण तिघं गेलो. त्यांनी तुमच्या पायाला चिमटे काढले, हातोडी मारली, कागद उलटले आणि विचारलं, "और कुछ लेते हैं? ताकत का, आयुर्वेदिक, कुछ भी?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. औषधाचं काहीही विचारलं की तुम्ही माझ्याकडेच पाहायचे.

मी म्हणालो, "नहीं."

दाजी, त्या क्षणी मला ती गोळी आठवली होती. आठवली नव्हती असं मी ताईला, भाच्याला, कोणालाही सांगू शकतो, तुम्हाला नाही. मला वाटलं, सांगितलं तर ते विचारतील कोणी दिली, कोणाच्या चिठ्ठीवर, किती वर्षं. एवढ्या मोठ्या माणसापुढे मी एक गावातला मेडिकलवाला म्हणून लहान होईन. तेवढ्यासाठी. तिच्यामुळे काही होत असेल हे तेव्हा माहीत नव्हतं, पण माहीत नसणं हा माझा बचाव नाही. ते विचारत होते ते त्याचसाठी की जे माहीत नाही ते त्यांना कळावं.

परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीशी बसून म्हणालात, "तू व्हता म्हनीसन बरं व्हयनं. माले काय बोलता उनं नसतं."

पुढे एकदा दुकानात झिंकच्या एका नव्या बाटलीसोबत आलेली माहितीची घडीची चिठ्ठी मी उलगडली. सहज. वाचत गेलो. फार काळ जास्त मात्रा घेतली तर आतड्यात जस्त तांब्याची वाट अडवतं. तांबं कमी पडलं की रक्त नीट बनत नाही, पाय बधिर होतात, चाल डगमगते. आणि हे सगळं बी-ट्वेल्व्हच्या कमतरतेसारखंच दिसतं. मी जुनी पट्टी काढली, छापलेली बाजू. बारीक अक्षरं वाचली. पन्नास, आणि तेही नुसतं जस्त. मनाची समजूत घालायला म्हणालो, दाजी तर रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी पितात, त्यांना तांबं कसं कमी पडेल? त्या समजुतीने अर्धा तास काढला.

खरं तर उठून तुमच्याकडे यायचं होतं. घर शंभर पावलांवर. सुरतेच्या डॉक्टरांना फोन करायचा होता. तांब्याची तपासणी होते, ते भरूनही काढता येतं, आणि जितकं लवकर तितकं बरं.

मी कात्री घेतली. कॅल्शियमच्या तशाच दिसणाऱ्या पांढऱ्या गोळ्यांची पट्टी कापली आणि झिंक म्हणून तुम्हाला देऊ लागलो. झिंक बंद होईल, पाय हळूहळू परत येतील आणि कोणालाच काही कळणार नाही. हा माझा नवस होता. रोज सकाळी तुम्ही बाकावर बसला की विचारायचो, "कसं वाटतंय आता?" तुम्ही म्हणायचे, "बरं शे." मी त्या दोन शब्दांवर दिवस काढायचो.

तुम्ही घाटावर कसे पडलात हे सगळं गाव सांगतं. सकाळची वेळ. तुम्ही तापीच्या खालच्या पायरीवर उभे, ओंजळीत पाणी, सूर्याला अर्घ्य देताना डोळे मिटलेले. "पाय घसरना," लोक म्हणतात. पायरी कोरडी होती, दाजी. मी नंतर जाऊन हात लावून पाहिली. ज्याच्या पायांना जमीन कळत नाही तो डोळ्यांच्या आधाराने उभा असतो. डोळे मिटले की त्याचा आधार जातो. हे मी त्या चिठ्ठीनंतर कुठेतरी वाचलं होतं. नुसतं "डोळे उघडे ठेवा" एवढं जरी तुम्हाला म्हणालो असतो. पण ते म्हणायचं तर का, हे सांगावं लागलं असतं.

नंदुरबारच्या दवाखान्यात तीन दिवस तुम्ही डोळे उघडले नाहीत. तुमचं तांबं कोणी तपासलं नव्हतं. आता तपासता येणार नाही. मी तुम्हाला मारलं की नाही, हे मला या जन्मी नक्की कळणार नाही. लोक मला म्हणतात, प्रकाशाच्या घाटावर अर्घ्य देताना पडले, पुण्यवान माणूस. मी मान डोलावतो.

काल, दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी, ताईने बोलावलं. तुमच्या कोनाड्यातला बिस्किटाचा डबा तिने माझ्यासमोर ठेवला. "बापू, हाऊ त्यास्ना गोळ्यांचा डबा. तू देखी ले. कोनाले कामले येतीन त्या दे."

डबा उघडला. एका बाजूला मी दिलेले कापलेले तुकडे, पहिल्या तुकड्यातली एक गोळी सोडली तर सगळे भरलेले. दुसऱ्या बाजूला पूर्ण पट्ट्या. छापलेल्या. पन्नास.

"ह्या कुठून आल्या?"

"शहादातून. जुनी गोळी दखाडीसन त्यास्नी आणेल." ताई पदराने डब्याचं झाकण पुसत होती. "तुन्ही गोळी बदलनी हाई त्यास्ले पहिल्याच दिवशी समजनं. जुनी घेतली का तोंडले जस्ताना पत्रासारखं लागे, मळमळे. नवीले काहीच नही. म्हनेत, बापूना माल संपना व्हई, लाजीसन सांगत नही. त्याले काही बोलू नको, वाईट वाटी."

दाजी. मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही शहाद्याला जाऊन ते विकत घेत राहिलात. मी तुमच्यापासून लपवत होतो आणि तुम्ही माझी लाज राखत होता, आणि आपल्या दोघांच्या या मायेखाली तुमचे पाय जात राहिले. तुम्ही "बरं शे" म्हणायचे तेही माझ्यासाठीच होतं का?

मी काही बोलायच्या आत ताई म्हणाली, "मी बी लेस ना. रोज दोन. सहा-सात महिना व्हयनात. त्यास्नीच लाई दिधी सवय." आणि मग, इतक्या सहज की जणू वरणात मीठ कमी आहे असं सांगावं, "आते तळपायले मुंग्या येतस मन्हा. उभं ऱ्हाई ऱ्हाई येत व्हतीन."

मी डबा उचलला. म्हणालो, "बघतो," आणि दुकानात आलो. शटर अर्धं खाली ओढलं. आता ऐका, कारण हे मी तुमच्याशिवाय कोणाला सांगू शकत नाही. मी पुन्हा कॅल्शियमची पट्टी काढली. पुन्हा कात्री उचलली. ताईला हे तुकडे देईन, म्हणेन हीच झिंक आहे. सहा महिनेच झालेत, मुंग्याच आहेत, जातील. काही कळणार नाही. हात आपोआप चालत होते, दाजी. सवयीचे हात. पट्टी अर्धी कापून झाल्यावर मला कळलं की मी काय करतोय. आयुष्यात इतकी भीती मला कशाचीच वाटली नव्हती. तुमच्या चितेपुढेही नाही. तिथे निदान मी काही करत नव्हतो.

तसाच उठलो. ताई ओसरीवर बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पन्नास, शंभर, सुरतेचं "नहीं", चिठ्ठी, कात्री. आत्ताची कात्रीसुद्धा. मला वाटलं रडेल, मारेल. मारावं असं वाटत होतं.

तिने विचारलं, "झिंक वाईट शे का मंग?"

"नाही, ताई. लागतं शरीराला. हरभरा, तीळ, शेंगदाणा, दूध यांतून बरंचसं मिळतं. कमी पडलं आणि डॉक्टरने सांगितलं तर गोळी घ्यावी. पण घेताना पाकिटावर आत नुसतं जस्त किती ते बघावं, क्षाराचं वजन नाही. किती दिवस घ्यायची ते आधी ठरवावं. लोहाच्या गोळीसोबत एकदम घेऊ नये. आणि डॉक्टरने विचारलं तर..."

"तर सांगानं," ती म्हणाली. "मीठनं बी तसंच शे. कमी नको, जास्ती नको. एवढं तुले माहीत नव्हतं?"

"उद्याच सुरतेला जाऊ. तुझं रक्त तपासू. गोळी आत्तापासून बंद."

"उद्या जाऊत." ती उठली. उठताना तिने खांब धरला. ते मी पाहिलं. "आज गाव. त्यास्नी कोनाकोनाले गोळी सांगेल शे, माले बठ्ठा माहीत शेतस."

दाजी, तुम्हाला सांगायला नको, आपल्याकडे मयत झाली की गाव दारावर येतं. बाया येतात, बसतात, रडतात. जिचा नवरा गेला ती तेरावं होईपर्यंत उंबरा ओलांडत नाही. मी म्हणालो, "ताई, तू कशी येणार? लोक काय म्हणतील? मी एकटा जातो."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "तू एकटा जाशी?" ती म्हणाली. "तू एकटा गया तर काय करस, ते आते तूच सांगं माले." मग डोक्यावर पदर घेतला. "गाव मन्हा दारवर ई गयं. आते मी गावना दारवर जासू. चाल."

हे मी सुरतेहून लिहितोय, दवाखान्याच्या बाकावर बसून. ताईचं रक्त घेतलंय, धुडकूबाबांचंही. तांब्याचा अहवाल यायला काही दिवस लागतील, म्हणाले. उद्या तेरावं, म्हणून आज संध्याकाळीच परत निघायचंय. तेच डॉक्टर. मी त्यांना सगळं सांगितलं, तुमचंही. त्यांनी विचारलं, "तब क्यूँ नहीं बताया?" मी म्हणालो, "शर्म आई." त्यांनी ताईच्या कागदावर झिंक हा शब्द लिहून खाली दोन रेघा मारल्या. मज्जातंतू किती सुधारतील हे अहवालाशिवाय सांगता येणार नाही म्हणाले. ताई आता माझ्या शेजारी बसून भाचेसुनेने दिलेली पोळी खातेय. मी तिच्या पायांकडे बघतोय हे तिला कळतंय, म्हणून तिने पाय साडीत घेतले आहेत.

पण मला कालचं सांगायचंय. पहिलं दार.

ताई पुढे, मी मागे. गल्लीतल्या बाया ओट्यावर उभ्या राहिल्या. एकीने तोंडावर हात ठेवला. धुडकूबाबा अंगणात खाटेवर बसले होते. ताईला दारात बघून त्यांचा चेहरा पांढरा झाला. त्यांना वाटलं दुसरी मयत झाली. त्यांची सून आतून धावत आली, "माय वं, तू काब्रं उनी?"

"बठ बाई," ताई म्हणाली. "बाबा, तुम्ही बी बठा." मग मला म्हणाली, "सांग."

मी उभ्यानेच सांगितलं. शब्द जोडता येत नव्हते. बाबा, मी दिली ती गोळी जास्त होती. मी नीट वाचलं नाही. मगनदादाचे पाय तिच्यामुळे गेले असतील. मला कळल्यावरही मी सांगितलं नाही. तुम्ही आजपासून ती घेऊ नका. तुमचंही रक्त तपासावं लागेल. मी वाट बघत होतो की बाबा काठी उचलतील. सून शिव्या देईल. गल्ली ऐकेल. त्याचीच तर मला इतके महिने भीती होती.

धुडकूबाबांनी सगळं ऐकलं. उशाखाली हात घातला, कापलेला चंदेरी तुकडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "मंग आते कोणती लेऊ? तू सांगशी तीच लिसू, डागतर."

दाजी, शिव्यांनी मी तुटलो नसतो. मी ताईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, बाबांकडे बघत होती. अजून दहा दारं होती, आणि प्रत्येक दारात असंच कोणीतरी हात पुढे करून विचारणार होतं.

"कोणतीबी नही, बाबा," मी म्हणालो. "सकाळी गाडी सुरतले जाई ऱ्हायनी. तुम्ही मन्हा शेजारी बठजात. डागतर तठे शे."